इनफ्लेमेबल म्हणजे पेटणारं

दोस्तांनो, हा लेख इंग्रजीतल्या भारी भारी शब्दांवर आहे. हसू नका. गोदीत गोण्या ओढणारा, दहावीपुढं न गेलेला, कविताबिविता करणारा माणूस इंग्रजी शब्दसंपत्तीवर लिहायला बसलाय म्हणून ज्यांना हसू येत असेल त्यांनी आधी माझं एक पाप ऐकावं. मग खुशाल हसावं.

२०२३ चा मे महिना. आमची टोळी एका शेडमध्ये माल हलवत होती. शेडच्या दाराची लोखंडी पट्टी अडकलेली. ती कापायला गॅसकटर आणलेला. भिंतीला टेकून निळे ड्रम. ड्रमावरचा कागद फाटलेला, ज्वालेचं चित्र गेलेलं, खालची अक्षरं तेवढी उरलेली. मुकादमाला घाई. आमच्या टोळीत एक दादा आहेत. नाव कशाला, सगळे दादाच म्हणतात. चौथी शिकलेले, पण वासावरनं माल ओळखणारे. त्यांना ड्रमांची शंका आली. त्यांनी मला हाक मारली, "ए म्याट्रिक, बघ रं काय लिव्हलंय." बापाच्या पिढीतले लोक अजून दहावीला म्याट्रिकच म्हणतात, आणि टोळीत तेवढा शिकलेला मी एकटाच, म्हणून तेच माझं नाव पडलंय.

मी वाचलं. इनफ्लेमेबल. फ्लेम मला माहीत होतं. ज्वाला. इन पण माहीत होतं. शाळेत मास्तरांनी घोकून घेतलेलं : करेक्ट–इनकरेक्ट, कम्प्लीट–इनकम्प्लीट. इन लागला की अर्थ उलटा. मी छाती फुगवून सांगितलं, "दादा, नाय पेटत. बिनधास्त."

पेटलं.

दादांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. हात आहे, पण बोटं एकमेकांना चिकटलीयत. हूक धरता येत नाही. गोदीत ज्या हाताला हूक धरता येत नाही तो हात असून नसल्यासारखा.

पुढं कळलं की इंग्रजीत इन दोन आहेत. एक 'नाही' म्हणणारा. दुसरा 'आत' म्हणणारा. इनफ्लेमेबलमधला इन दुसरा. लॅटिनमध्ये 'इनफ्लेमारे' म्हणजे आग लावणे, पेटवणे. म्हणजे फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल, दोन्हींचा अर्थ एकच : पेटणारं. ही फसगत माझी एकट्याची नव्हे. अमेरिकेत आग-सुरक्षेच्या लोकांनी गेल्या शतकातच ओरडून ओरडून 'इन' काढायला लावला, कारण इंग्रजी ज्यांची आई आहे असे लोकसुद्धा त्यात फसत होते. आमच्या शेडमध्ये मात्र तो 'इन' तसाच बसला होता, दबा धरून.

गोदीतल्या माणसाला आग म्हणजे काय ते सांगायला नको. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटलं. पोटात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला. शेकडो माणसं गेली. बाबासाहेबांची जयंती आणि गोदीतला स्फोट एकाच तारखेला येतात. आमच्या वस्तीत त्या दिवशी निळं निशाण लागतं आणि म्हातारे स्फोटाची गोष्ट काढतात, बापाकडनं ऐकलेली. मी ती लहानपणापासून ऐकली. पण आग कुठल्या अक्षरात लिहितात ते मला कुणी शिकवलं नाही.

हे पहिलं पाप. दुसरं ऐका.

दादा इस्पितळातून सुटले. ठेकेदारानं हापिसात बोलावलं. दीड पान इंग्रजी आणि चाळीस हजार रुपये टेबलावर. दादा म्हणाले, "म्याट्रिक, वाच." एकदा तोंड भाजलेलं, तरी वाचलं. एक्स ग्रेशिया. फुल अँड फायनल. विदाउट प्रेज्युडिस. व्हॉलंटरिली वेव्ह्ज. प्रेज्युडिसवर अडलो. मोबाइलला विचारलं. मोबाइल म्हणाला, पूर्वग्रह. मला आनंद झाला. मी म्हटलं, "दादा, चांगलं लिव्हलंय. पूर्वग्रह न ठेवता, जातबित न बघता देतायत." दादांनी उजव्या हातानं सही केली.

दीड वर्षानं एका वकीलबाईंनी तो कागद वाचला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एकेक शब्द सोलला.

एक्स ग्रेशिया : कृपेपोटी. म्हणजे हक्क म्हणून नाही, आमच्या मनाला आलं म्हणून. ग्रेशिया म्हणजे कृपा, मेहेरबानी. 'ग्रेस' त्याच कुळातला, 'ग्रॅटिस' त्याच कुळातला. पिढ्यान्पिढ्या ओंजळीत वरून पाणी टाकत आले ना, त्याचं लॅटिन नाव एक्स ग्रेशिया.

विदाउट प्रेज्युडिस : इथं पूर्वग्रहाचा काही संबंध नाही. वकिलाच्या भाषेत प्रेज्युडिस म्हणजे हक्काला बसणारा धक्का. अर्थ असा की, हे पैसे दिले म्हणून आम्ही जबाबदारी कबूल केली असं समजायचं नाही, आमचे हक्क शाबूत. मी ज्याला जात न बघणं समजलो ते ठेकेदाराचं चिलखत होतं.

वेव्ह : मला वाटलं लाट. लाट नव्हे. उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं. अर्थ : हक्क सोडून देणे. याचा इंग्रजीतला भाऊबंद 'वेफ', म्हणजे बेवारस पोर. दादांनी आपला हक्क स्वखुशीनं बेवारस सोडला, असं त्या कागदावर लिहिलं होतं, आणि वाचून मी दाखवलं होतं.

मग वकीलबाईंनी आणखी दोन शब्द सांगितले. नल अँड व्हॉइड. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचं कलम १७. कामगारानं भरपाईचा हक्क सोडला असा करार कुणी करून घेतला तर तो करार त्यापुरता रद्दबातल, कवडीमोल. दादांचा अपघात झाला तेव्हा तोच कायदा लागू होता. पुढं तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या पोटात गेला. दावा लावायला मुदत दोन वर्षांची. वीस महिने गेले होते. चार उरले होते. २०२५ च्या जानेवारीत दादांनी दावा लावला. अजून चालू आहे.

आता सांगा, हे शब्द 'ॲडव्हान्स्ड' आहेत की नाहीत? शाळेच्या पुस्तकात ते नाहीत. दहावीला मला इंग्रजीत एकोणचाळीस मार्क होते. पास होतो मी! सरकारनं शिक्का मारून दिला होता की याला इंग्रजी येतं. त्या पासवर मी एका माणसाचा हात जाळला आणि त्याच माणसाचा हक्क विकला.

म्हणून मी भारी इंग्रजी शब्दांच्या मागं लागलो. फॅशन म्हणून नाही.

*

आता हे शब्द विकणाऱ्यांकडं वळू.

दादरला, ठाण्याला, कल्याणला, स्टेशनबाहेर बोर्ड बघा. तीस दिवसांत हजार शब्द. शब्द वापरा, छाप पाडा. मी एका क्लासात डोकावलो. फी भरायची ऐपत नव्हती, फुकटच्या पहिल्या दिवसाला बसलो. सर म्हणाले, 'मेनी' म्हणू नका, 'प्लेथोरा' म्हणा. मेनी म्हटलं की तुम्ही मागासलेले दिसता. पोरं लिहून घेत होती. त्यातली अर्धी आपली. मला घाम फुटला. च्यायला, ही तर सोवळ्याची गोष्ट चालली होती! साधा शब्द विटाळलेला, भारी शब्द सोवळ्यातला. काल जानवं बघायचे, आज व्होकॅब्युलरी बघतात. आपली पोरं पैसे मोजून हे जानवं गळ्यात घालून घेतायत.

दुसरा अनुभव. एका चर्चासत्रात कविता वाचायला बोलावलं. नंतर मी बोलताना 'हेजेमनी' म्हणालो. एका प्राध्यापकानं सगळ्यांसमोर माझा उच्चार सुधारला. सभागृह हसलं. माझ्या म्हणण्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. वर्चस्वाबद्दल बोलणाऱ्याचा उच्चार दुरुस्त करणं हेच वर्चस्व, एवढंही त्या विद्वानाच्या ध्यानात आलं नाही. उच्चाराची लाज सोडा, दोस्तांनो. शब्द डोळ्यांनी मिळवलेल्या माणसाचा उच्चार चुकतो. ज्याला घरात आयता कानावर पडला त्याचा चुकत नाही. चुकीचा उच्चार म्हणजे तुम्ही तो शब्द स्वतः कमावल्याची पावती.

फुटपाथवरनं मी एक जुनं पुस्तक घेतलं. नॉर्मन लुईस या अमेरिकन माणसाचं, १९४९ सालचं 'वर्ड पॉवर मेड ईझी'. फोर्टपासून नाक्यापर्यंत कुठंही मिळतं. पुस्तक वाईट नाही. खोटं कशाला बोलू, शब्दाचं मूळ धरून सगळं कूळ ओढून काढायची युक्ती मला त्यानंच दिली. पण पहिला पाठ माणसांच्या स्वभावाचा, पुढचा डॉक्टरांच्या नावांचा. माझ्या खिशातल्या कागदावरचे शब्द मला त्यात दिसले नाहीत. ते पुस्तक ज्याच्यासाठी लिहिलं त्याला ठेकेदाराच्या हापिसात सही करायची नसते.

अभ्यासकांनी मोजमाप केलंय, तेही सांगतो. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली नेहमीच्या वापरातल्या सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादी छापली. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ५७० शब्दकुळांची दुसरी यादी काढली. विद्यापीठी लिखाणात दर शंभर शब्दांमागं साधारण दहा शब्द त्या यादीतले असतात. म्हणजे 'समुद्र आहे, कसा पोहणार' म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. आधी दोन हजार, मग हे ५७०. दिवसाला पाच धरले तर दीड वर्षाचं काम. पण एक यादी कुणी काढलेली नाही. ज्या शब्दांनी आपल्याला बांधलंय त्यांची यादी. ती आपणच काढायची.

*

आता मायमराठीचे राखणदार पुढं येतील. म्हणतील, अरे, इंग्रजीच्या मागं कशाला लागता? मातृभाषेतून शिका. भाषा जगवा.

ही मंडळी मला फार आवडतात. यांची पोरं कुठल्या शाळेत जातात ते विचारा, की लगेच घड्याळ बघतात. मराठी शाळेत उरलं कोण? आम्ही. मराठी जगवायची जबाबदारी आमच्या पोरांच्या डोक्यावर, आणि इंग्रजीची मलई यांच्या ताटात. ही गावकीच झाली : ओझं कुणी वाहायचं ते जन्मानं ठरलेलं.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले. अभिजात म्हणजे काय? चांगल्या कुळात जन्मलेली. घ्या! भाषेलासुद्धा मान द्यायचा तर आधी तिचं कूळ काढलं. आणि या अभिजात भाषेच्या कोशात आमच्यासाठी काय ठेवलंय? चांभारचौकशी. धेडगुजरी. आमच्या जातींची नावं तुमच्या शिव्या झाली आणि तुम्ही ती अग्रलेखात वापरता. मराठी माझी आहे. मी कविता तिच्यातच करतो, मेलो तरी तिच्यातच करीन. पण ती माझी आहे ती माझ्या आयेच्या तोंडातली, तुमच्या कोशातली नव्हे.

इंग्रजी तरी धुतल्या तांदळासारखी आहे का? अजिबात नाही. 'परिया' हा शब्द घ्या. तामिळ मुलखातल्या परैयर या आपल्याच भावांच्या जातीचं नाव. परै म्हणजे ढोल, तो वाजवणारे ते परैयर. इंग्रजानं तो शब्द उचलला आणि त्याचा अर्थ केला वाळीत टाकलेला. आज दिल्लीपासून लंडनपर्यंत वर्तमानपत्रं एखाद्या देशाला 'परिया स्टेट' म्हणतात आणि कुणाची पापणी हलत नाही. 'स्कॅव्हेंजर' घ्या. हा शब्द मुळात लंडनमधला. परक्या व्यापाऱ्यांच्या मालावर जकात घेणारा अधिकारी. पुढं त्याच्याकडं रस्त्यांच्या सफाईची देखरेख आली, आणि मग तो शब्द घसरत घसरत झाडूवाल्यापर्यंत आला. आपल्या देशात त्याच्या मागं 'मॅन्युअल' लावून १९९३ ला कायदा केला, २०१३ ला पुन्हा केला. तरी माणसं गटारात मरतायत.

इंग्रजीच्या कोशातही जात आहे. मग फरक काय? फरक एवढाच की तिच्या दाराशी बसलेला पुजारी माझा गाववाला नाही. एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना संस्कृत घेऊ दिलं नाही, त्यांना पर्शियन घ्यावं लागलं. संस्कृतचं दार बंद होतं. इंग्रजीच्या दारातून ते आत गेले आणि थेट न्यूयॉर्कला निघाले. आणि एक लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाचं आणि मुंबई उच्च न्यायालयाचं कामकाज आजही इंग्रजीत चालतं. घटनेचं कलम ३४८ वाचा. मराठीला अभिजात केलंत, बरं झालं. दादांचा दावा उद्या वर गेला तर तिथं अभिजात मराठी चालणार आहे का? नाही ना? मग मला इंग्रजी शिकू नको म्हणणारे तुम्ही कोण?

*

आपल्या माणसांशीही भांडायचंय. चंद्रभान प्रसाद यांनी २०१० साली उत्तर प्रदेशातल्या बांका गावी इंग्रजी देवीचं देऊळ बांधायला घेतलं. त्यांची तळमळ मला कळते. इंग्रजीवाचून दलिताची सुटका नाही, हे त्यांचं म्हणणं मी गोदीत अंगावर घेतलंय. पण देऊळ? आम्ही तेहतीस कोटी सोडून आलो ते चौतिसाव्या कोटीसाठी? शब्दापुढं हात जोडायचे नसतात. शब्द हातात धरायचा असतो, हुकासारखा. गोणीत घालायचा आणि ओढायचा.

सावित्रीबाईंनी १८५४ साली 'काव्यफुले' छापलं, त्यात इंग्रजी शिका म्हणून कविता आहेत. जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' मराठीत लिहिली, पण प्रस्तावना इंग्रजीत जोडली आणि पुस्तक अर्पण केलं ते गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. कशासाठी? पुण्यातल्या आळीची गोष्ट जगाच्या वेशीवर टांगण्यासाठी. छाप पाडण्यासाठी नव्हे.

आणि बाबासाहेब. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं १९३६ साली त्यांना भाषणाला बोलावलं. भाषण वाचून मंडळ घाबरलं, मजकूर बदला म्हणालं. बाबासाहेबांनी नकार दिला. सभा रद्द झाली. त्यांनी भाषण स्वतः छापलं. नाव : 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. आता बघा. इंग्रजीत 'रिफॉर्म' होता. सुधारणा. 'अबॉलिशन' होता. कायद्यानं बंद करणं. बाबासाहेबांनी त्यातला एकही घेतला नाही. ॲनिहिलेशन घेतला. त्याच्या पोटात लॅटिनचा 'निहिल' आहे, म्हणजे काही नाही, शून्य. ॲनिहिलेट म्हणजे शून्यावर आणणे. डागडुजी नाही, रंगरंगोटी नाही. शून्य. असा नेमका शब्द निवडायला आधी पाचपंचवीस शब्द पदरी लागतात. शब्दसंपत्ती म्हणतात ती यासाठी. ज्याच्याकडं एकच शब्द आहे तो मिळेल त्या शब्दावर सही करतो. मी करवली ना दादांकडनं?

*

मग मी काय केलं ते सांगतो. उपदेश नाही, हिशेब देतोय.

आमच्याकडं टॅली शीट असते. जहाजातून किती माल उतरला, किती फुटला, किती कमी आला, त्याचे रकाने. मी दोनशे पानी वही घेतली आणि तसेच चार रकाने पाडले. पहिला : शब्द. दुसरा : कुठल्या कागदावर भेटला. तिसरा : मूळ आणि कूळ. चौथा रकाना माझा स्वतःचा : हा शब्द कुणाच्या बाजूचा?

शब्द यादीतनं घेतले नाहीत. कागदावरनं घेतले. गेटपासवरनं, ठेक्याच्या करारावरनं, भाडेपावतीवरनं, इस्पितळाच्या डिस्चार्जवरनं, बँकेच्या नोटिशीवरनं, झोपडी तोडायच्या नोटिशीवरनं. दीड वर्षात चारशेच्या वर झालेत. बुद्धविहाराच्या ओट्यावर रविवारी आम्ही सात जण बसतो. दोन पोरी घरकाम करून येतात, एक पोरगा डिलिव्हरीवाला आहे. दादाही येतात. प्रत्येकानं आठवड्यात आपल्याला नडलेला एक कागद आणायचा. शब्द काढायचा, कोशातले सगळे अर्थ बघायचे, पहिल्याच अर्थावर थांबायचं नाही. मोबाइलनं मला पहिल्या अर्थावरच मारलं होतं. मग तो शब्द आपल्या बोलीत सांगायचा. सांगता आला तर आपला झाला. 'इंडेम्निफाय' दादांनीच सांगितला : "म्हंजे नुसकान झालं तर तू भर, माझ्या बोटाला चटका लागता कामा नये." कोशात याहून चांगला अर्थ दाखवा. आणि गंमत बघा, या शब्दातला इन मात्र 'नाही' म्हणणारा आहे.

मूळ धरून गेलं की एक शब्द दहा देतो. 'पोर्टारे' म्हणजे वाहणे. त्याच्यातनं पोर्टर, म्हणजे हमाल. इम्पोर्ट : आत वाहणे. एक्सपोर्ट : बाहेर वाहणे. सपोर्ट : खालून उचलून धरणे. डिपोर्ट : उचलून हद्दीबाहेर टाकणे. पोर्टफोलिओ : कागद वाहायची पिशवी, ती मंत्र्याला मिळते. आणि 'इम्पॉर्टंट' पण त्याच मुळाचा. जगातल्या सगळ्या महत्त्वाच्या माणसांच्या नावात आमचं ओझं दडलेलं आहे, आणि त्यांना ते माहीत नाही.

'मानुस' म्हणजे हात. लॅटिनमध्ये हो, मराठीत नव्हे, पण मला तो जुळून आलेला योग आवडला. मॅन्युअल : हातानं. मॅन्युस्क्रिप्ट : हातानं लिहिलेलं. इमॅन्सिपेट : मालकाच्या हातातनं सोडवणे, म्हणजे मुक्ती. 'कॅसस' म्हणजे पडणे, घडून जाणे. त्यातनं कॅज्युअल आणि त्यातनंच कॅज्युअल्टी. आमच्यातला कॅज्युअल कामगार पडला की त्याला कॅज्युअल्टी वॉर्डात नेतात. हे कूळ मी पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं तेव्हा ओट्यावर कुणी बोललं नाही.

आणि कोण म्हणतं आपल्याला परकी भाषा पेलत नाही? विंचवाल्याला खाली सोड म्हणायचं तर गोदीत आम्ही ओरडतो 'आरिया!' तो पोर्तुगीज खलाशांचा शब्द. सारंग फारसीतनं आला. आणि आमचेही शब्द गेले. जगभरचे कामगार 'डंगरी' घालतात, तिचं नाव गोदीशेजारच्या डोंगरीत मिळणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरनं पडलं. आमच्या बापजाद्यांनी चारशे वर्षं जहाजातनं मालाबरोबर शब्दही उतरवले. फी न भरता. क्लास न लावता. त्यांना लिहायला वही मिळाली नाही, एवढंच.

हे सगळं शिकून दादांचा हात परत येणार नाही. मला ठाऊक आहे. रात्री कधी कधी तो शब्द डोळ्यांपुढं येतो, निळ्या ड्रमावरचा, आणि मी तोंडानं म्हणत राहतो : पेटणारं, पेटणारं, पेटणारं. दादा मला कधी काही बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "तू चुकीचं वाचलंस रं, पन तू वाचलंस तरी. मला तर तेबी येत नव्हतं." ही माफी मला नको आहे. मला तिचा राग येतो. माणसाला हात गमावून समाधान मानावं लागतं ते आपल्याकडच्या शब्दांच्या दुष्काळामुळं, आणि हा दुष्काळ आभाळातनं पडलेला नाही. तो पाडलेला आहे.

म्हणून पोरांनो, प्लेथोरा सोडा. ते ज्याला मिरवायचं त्याला मिरवू द्या. आपल्या बापाच्या ट्रंकेत, आईच्या पिशवीत, घरमालकाच्या पाकिटात जे इंग्रजी कागद पडलेत ते बाहेर काढा. एकेक शब्द पकडून चव्हाट्यावर आणा. त्याला विचारा, तू कुणाच्या बाजूचा? आमच्या बाजूचे शब्दही त्या भाषेत आहेत. १९२३ च्या कायद्यात कलम सतरा होतं : हक्क सोडल्याचा करार रद्दबातल. घटनेतही कलम सतराच आहे : अस्पृश्यता नष्ट. दोन्ही मूळ इंग्रजीत लिहिलेली. एक आमच्या पोटासाठी, एक आमच्या माणूसपणासाठी. दोन्ही वाचता आली नाहीत तर दोन्ही कागदावरच राहतात.

पाळी संपली की टॅली क्लार्क शीट भरतो. ज्या रकान्यात काहीच शिल्लक नसतं तिथं तो लिहितो 'निल'. हा 'निल' त्या 'निहिल'चाच आखूड झालेला. ॲनिहिलेशनच्या पोटातला. रोज संध्याकाळी गोदीत तो शब्द लिहिला जातो आणि त्याच्यात बाबासाहेबांचं अख्खं भाषण बसलेलं आहे हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं.

तुम्हाला त्याआधी कळावं म्हणून हे लिहिलं. वह्या घ्या. रकाने पाडा. एका रकान्याच्या डोक्यावर जात लिहा, आणि तिच्याखाली निल लिहायचा दिवस येईपर्यंत पेन खाली ठेवू नका.

जयभीम.